बंदूक घेतली, कोड तोच ठेवला

आमच्या समोरच्या घरात चोर शिरले तेव्हा घरातली बाई वरच्या मजल्यावर आंघोळ करत होती. गणपतीचे दिवस, भर सकाळ. नवरा ऑफिसला, मुलं शाळेत. मागच्या अंगणाकडची काच फोडून माणसं आत आली, बेडरूममधले खण उपसले, पाकिटात ठेवलेलं सगळं सोनं नेलं, आणि जाता जाता मखरातला चांदीचा गणपतीही उचलला. ही बिचारी ओल्या अंगाला टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी होती. पोलिस आले तेव्हा ती तशीच होती म्हणे.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. चहा मीच केला. सोन्याबद्दल ती फारसं बोललीच नाही.

"शॉवर चालू होता ना, सो काच फुटलेली मला कळलीच नाही," ती म्हणाली. "शॉवर बंद केला तर बाहेर नुसती पावलं. इतकी हळू, की मला वाटलं सासूबाई आल्यात. मी हाक मारणार होते गं. मग आठवलं, सासूबाई तर इंडियात आहेत."

मी तशी भित्री नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीत वीसेक वर्षं पुरुषांशी भांडून टिकले आहे. पण ती हळू पावलं माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. आठवड्यातले निम्मे दिवस मी घरून काम करते. नवरा सकाळी कंपनीच्या शटलने जातो तो दिवेलागणीला येतो. मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं. मीटिंग चालू असताना मी म्यूट करून कान द्यायला लागले. फ्रिज गुरगुरला तरी उठून जिन्यापर्यंत जाऊन यायचे.

नवऱ्याने अलार्म बसवू या म्हटलं. मी म्हटलं, अलार्म वाजेल, मग पोलिस निघतील, आणि तोवर मी काय करू, चोरांना चहा विचारू? मला बंदूक हवी होती. हे मी मोठ्याने म्हटलं तेव्हा आम्ही दोघंही जरा दचकलो.

"आपल्या घरात झुरळ निघालं तरी तू मला बोलावतेस," तो म्हणाला.

"आणि तू ते पेपरवर घेऊन बाहेर सोडून येतोस. म्हणूनच तर."

दोन दिवस आमच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हाच मी ओळखलं की गडी तयार झाला. आमच्या घरात कुठलीही वस्तू रिसर्चशिवाय येत नाही. डिशवॉशर घेताना त्याने एवढे रिव्ह्यू वाचले होते की तोवर मी हाताने भांडी घासून कंटाळले होते. आता त्याच उत्साहाने तो मला समजावू लागला. शॉटगन लांब असते, घराच्या पॅसेजमध्ये वळवता येत नाही. हँडगनच बरी. छोटं पिस्तूल दिसायला गोंडस, पण जितकं छोटं तितका हाताला झटका जास्त. नवीन चांगलं पिस्तूल म्हणजे लॅपटॉपच्या किमतीचं. "आपण काही रोज नाही ना वापरणार, यार. युज्ड घेऊ. व्हॅल्यू फॉर मनी."

दुकान सॅन होजेच्या बाजूला, टायरवाला आणि नखं रंगवायचं पार्लर यांच्या मधोमध होतं. आधी सुरक्षिततेची लेखी परीक्षा द्यावी लागते. आम्ही दोघांनी रात्री जागून अभ्यास केला आणि दोघंही पास झालो. एका चुकलेल्या प्रश्नावरून नवरा विक्रेत्याशी हुज्जत घालायला लागला, तेव्हा मी त्याला कोपर मारलं. आपली माणसं परीक्षेला बसली की पास होऊन भागत नाही.

काउंटरवर विक्रेत्याने एकेक वस्तू मखमलीच्या तुकड्यावर मांडली. स्वस्तातलं पहिलं पिस्तूल मला उचलायला आवडलं, पण त्याचा वरचा भाग मागे खेचून गोळी नळीत आणावी लागते, तो माझ्याने हलेना. मी दात ओठ खाऊन ओढला. बोटाचं नख तुटलं, पण तो जागचा हलला नाही. विक्रेता म्हणाला, घाबरलेल्या हाताला हे आणखी जड जातं. मग त्याने रिव्हॉल्व्हर दाखवलं. खेचायचं काही नाही, अडकायचं काही नाही, गोळ्या भरायच्या आणि चाप ओढायचा. चाप मात्र चांगलाच घट्ट. कुठल्याशा सिक्युरिटी कंपनीने विकून टाकलेल्या मालातलं होतं, मुठीजवळ ओरखडे होते, म्हणून स्वस्त.

नवऱ्याने ते वर खाली बघितलं आणि जुनी गाडी घेताना विचारतात तसं विचारलं, "किती चाललीय?" म्हणजे आतापर्यंत यातून किती गोळ्या सुटल्या. विक्रेत्याने खांदे उडवले. वॉरंटीचं विचारायच्या आत मी म्हटलं, हेच घेऊ.

कागद भरता भरता विक्रेत्याने सहज विचारलं, घरात कोण कोण असतं? मी म्हटलं, आम्ही दोघंच. मग म्हणाला, बाकी कोणाकडे किल्ली? कोणी न सांगता येतं का? आम्ही एकमेकांकडे बघितलं. नवरा म्हणाला, "नो, नो. जस्ट अस." मीही मान डोलावली.

हे खोटं होतं. आमच्या गॅरेजला बाजूने एक छोटं दार आहे, त्याला आकड्यांचं कुलूप. तो कोड आमच्या सगळ्या मराठी गोतावळ्याला तोंडपाठ आहे. आमच्याकडे ही पद्धतच पडून गेली आहे. कोणी इंडियाला गेलं की तुळशीला पाणी घालायला दुसऱ्याने जायचं, कोणाला ताप आला की सूप आणून ठेवायचं, कोणाचं पोर शाळेतून आणायचं. त्यासाठी दर वेळी दार कोण उघडणार? म्हणून प्रत्येकाचा कोड प्रत्येकाकडे. गॅरेजमध्ये चपला काढायच्या, अनवाणी किचनमध्ये जायचं, डबा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि निघायचं. घरच्यांना संध्याकाळी कळतं की कोणीतरी येऊन गेलं.

यात सगळ्यात जास्त येणं काकूंचं. काकू आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळी नोकरी झाली, काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा टेक्ससला. माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा काकू रजा काढून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. माझ्या मुलीची पहिली आंघोळ त्यांच्या पायांवर झाली. अळीवाचे लाडू करून त्या समोर बसायच्या, मी पूर्ण खाईपर्यंत उठायच्या नाहीत. त्यांना आमचा कोड माहीत असणं मला कधी वेगळं वाटलंच नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "कोड बदलायला हवा."

"मग सगळ्यांना काय सांगायचं?" नवरा म्हणाला.

"सांगायचं, चोऱ्या होतायत म्हणून."

"म्हणजे आपण त्यांना चोर समजतो असं होईल ना. काकूंना काय वाटेल?"

"काकूंना नवा कोड देऊ."

"मग बाकीच्यांना कळेल की काकूंना दिला, आपल्याला नाही."

मी म्हटलं, मग बंदूक घेतली असंच सांगून टाकू. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. खरंच होतं त्याचं. दिवाळीच्या कार्यक्रमात नाटुकली बसवणारी माणसं आम्ही, घरात बंदूक आणली म्हटल्यावर पुढची चार वर्षं सगळे तेच चघळत बसणार. कोडचं नंतर बघू म्हणून आम्ही विषय सोडला. परीक्षा, कागदपत्रं, बंदूक हातात पडण्याआधीचा दहा दिवसांचा कायदेशीर थांबा, सगळं निस्तरायची आमची तयारी होती. चार ओळखीच्यांना 'बेल वाजवून या' म्हणायची मात्र आमची छाती झाली नाही.

रिव्हॉल्व्हर घरी आलं. त्याआधी एका बाईकडून आम्ही नेमबाजीच्या रेंजवर चालवायला शिकलो. नवऱ्याचा नेम कागदाच्या बाहेर जायचा. माझा बसायचा. पहिल्यांदा बसला तेव्हा मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. शिकवणारी बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची, काय समोर आहे हे नक्की दिसेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. आणि घरात कोणी शिरलं तर खोलीत थांबायचं, दार लावायचं, फोन करायचा, खाली उतरायचं नाही. मी सगळं मन लावून ऐकलं. अभ्यासात मी पहिल्यापासून हुशार.

वरच्या खोलीत, जिथे मी काम करते, तिथे खणात आकड्यांची एक लोखंडी पेटी बसवली आणि ते तिच्यात ठेवलं. मला वाटलं होतं, आता झोप लागेल. झालं उलटंच. आधी मी आवाजाला घाबरायचे, आता आवाजाची वाट बघायला लागले. डिलिव्हरीवाल्याने पायरीवर खोकं आदळलं की माझा हात आपोआप खणाकडे जायचा. नवरा म्हणायचा, तू हल्ली घरात अशी दबकत का चालतेस? मी त्याच्यावर खेकसायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. हॅलोविन नुकताच झाला होता. दुपारचं जेवण मी वरच आणलं होतं आणि अर्ध्यावर ठेवलं होतं, कारण कॉल लांबला. फोन खाली किचनमध्ये चार्जिंगला. कॉल संपला, मी हेडफोन काढले, आणि खाली लाकडी फरशी करकरली.

पुन्हा करकरली. पावलं होती. हळू. समोरच्या बाईने सांगितली होती तशी.

मी पेटी उघडली. हात थरथरत नव्हता, हे मला आजही आठवतं आणि आजही त्याचा राग येतो. खोलीचं दार लावायचं, थांबायचं, हे शिकवलेलं सगळं मला आठवत होतं. पण फोन खाली होता. आणि माझ्या घरात, माझ्या किचनमध्ये कोणीतरी फिरत होतं, याचा संताप भीतीइतकाच मोठा होता. मी अनवाणी जिन्यावर आले.

"हू इज देअर?" मी ओरडले. उत्तर नाही.

"आय हॅव अ गन!" शिकवलं होतं तसं, इंग्रजीत. आवाज फाटला. तरी उत्तर नाही. खाली खण उघडल्याचा आवाज आला आणि भांड्याला भांडं लागलं.

जिना जिथे वळतो तिथून किचनचा अर्धा भाग दिसतो. ओट्यापाशी कोणीतरी खाली वाकलेलं होतं. अंगात राखाडी हुडी, टोपी डोक्यावरून ओढलेली, पाठ माझ्याकडे. खालचे खण उपसत होतं. दोन्ही हातांनी मी नेम धरला. ती पाठ मला इतकी स्पष्ट दिसत होती, की हुडीच्या शिवणीचा एक सुटलेला धागासुद्धा दिसला. माझं बोट चापावर होतं. ते तिथे कधी गेलं, मला माहीत नाही. चाप घट्ट होता, आणि मी तो ओढायला सुरुवात केली होती.

ती आकृती गुडघ्यावर हात टेकून सरळ व्हायला लागली आणि म्हणाली, "आई गं."

माझे हात आपोआप खाली आले. बोट चापावरून काढावं लागलं, ते आपण होऊन निघेना.

हातातलं मी पाठीमागे लपवलं तोच काकू वळल्या. हुडी त्यांच्या मुलाच्या कॉलेजची, कित्येक वर्षांपूर्वीची. थंडी पडली की त्या तीच घालतात आणि टोपी डोक्यावर घेतात. कानातलं मशीन घरी काढून ठेवलेलं असणार, ते त्यांना टोचतं.

"अगं बाई, मोकळी झालीस होय? मला वाटलं तुझी मीटिंग चालू असेल, म्हणून बेल नाही वाजवली. उगीच डिस्टर्ब नको." त्या हसत होत्या. "डब्याचं झाकण घरीच राहिलं, म्हणून छोटं झाकण शोधत होते. कुठे ठेवतेस तू झाकणं, देव जाणे. घारगे केलेत. हॅलोविनचे पमकिन्स स्टोअरमध्ये अगदी स्वस्त लावले होते, चांगले दोन आणले."

तोवर मी उतरून त्यांच्यासमोर पोचले होते. कशी पोचले ते सांगता येणार नाही. उजवा हात अजून पाठीमागेच होता. काकूंनी डबा पुढे केला. मी डावा हात पुढे केला.

"डाव्या हाताने काय घेतेस गं?" काकू म्हणाल्या.

"उजवा खरकटा आहे," मी म्हटलं. ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, "उजवा हात खरकटा आहे, काकू."

"जेवत होतीस? मग जा, धुऊन ये. गरम आहेत तोवर खा. मी थांबते."

मी त्यांच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत जिन्यापर्यंत गेले. "अशी काय चालतेस?" त्या म्हणाल्या. वर आल्यावर पेटीचे आकडे चुकले, दोनदा चुकले. मग बाथरूममध्ये जाऊन मी खरंच साबण लावून हात धुतला. कितीतरी वेळ धुतला. नळ चालू ठेवून टबाच्या कडेवर बसले आणि तोंडावर टॉवेल दाबून रडले. ज्या बाईने माझ्या पोरीला पहिली आंघोळ घातली तिच्या पाठीत मी गोळी घालणार होते, आणि ती खाली माझ्यासाठी झाकण शोधत थांबली होती.

खाली आले तर काकूंनी ताटलीत घारगे काढून वर तूप घातलं होतं. सिंकमधले माझे दोन कप धुऊन पालथे घातले होते. मी उजव्या हाताने ताटली घेतली. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली.

"अंगात कणकण आहे का?"

"काकू," मी म्हटलं, "यापुढे बेल वाजवून येत जा."

मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं. त्यांनी हात काढला.

"मीटिंगमध्ये डिस्टर्ब होतं का?"

"हो," मी म्हटलं.

"बरं, बरं. आधीच सांगायचंस की गं. मला मेलीला कळायला नको?" त्या ओशाळून हसल्या. त्यांच्या चपला गॅरेजमध्ये होत्या. त्या तिकडे गेल्या, चपला हातात घेऊन परत आल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडल्या. पायरीवर बसून त्यांनी चपला घातल्या. मी दारात उभी होते.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, उद्या देऊन टाकू. त्याच दुकानदाराने ते परत विकत घेतलं. किती तोटा झाला, हे माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही. मग आम्ही मुकाट्याने अलार्म बसवला. भीती अजून आहे, दुपारी अजून कान टवकारले जातात, पण खणात काही नाही एवढं मला ठाऊक असतं.

त्यानंतर मी काकूंकडे गेले, दोन वेळा गेले. म्हटलं, मीटिंगचं मी उगीच म्हटलं, तुम्ही पूर्वीसारख्या बाजूच्या दाराने येत जा, कोड तोच आहे. "हो हो, येईन की," त्या म्हणाल्या आणि दोन्ही वेळा चहा टाकायला उठल्या. खरं कारण सांगायचं तर मला म्हणावं लागेल की मी तुमच्यावर बंदूक रोखली होती. ते माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही. ते कळेपर्यंत त्यांच्या दृष्टीने मी म्हणजे, जिला त्यांचं येणं एक दिवस जड झालं ती, एवढीच.

काकू अजूनही डबा घेऊन येतात. बेल वाजवतात, आणि मी दार उघडेपर्यंत पायरीवर बाजूला सरकून उभ्या राहतात.